डोहात सुरीने मासा धरायचा असेल तर

निळ्याशार समुद्रात एखादा गडी श्वास रोखून खाली उतरतो, कपारीत सुरी खुपसतो आणि हातभर मासा घेऊन वर येतो. अशा चित्रफिती पाहून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-देवळीकडच्या पोरांनाही तसे करून पाहायची हुक्की येते. हुक्की वाईट नाही. पण त्या चित्रफितीत दोन गोष्टी दिसत नाहीत. एक, तो गडी खाली असताना वर पाण्यावर डोळे लावून थांबलेला त्याचा जोडीदार. दुसरी, आपले पाणी. प्रवाळाच्या समुद्रात वीस मीटर लांबचे दिसते; धाम, यशोदा, वणा किंवा वर्धेच्या डोहात चांगल्या दिवसांतही दोन हातांपलीकडचे दिसले तर नशीब म्हणायचे. म्हणून इथली रीत वेगळी, आणि तिची सुरुवात सुरीपासून होत नाही.

सुरी हे पाण्यात मोठे लंगडे हत्यार आहे, हे आधी कबूल करू. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. हात आडवा फिरवून वार करायला जाल तर तो वार अर्ध्या वाटेतच मरतो. सरळ भोसकणे तेवढे जमते, तेही हातभर अंतरात. शिवाय मासा अधांतरी असतो. टोक लागले की त्याच धक्क्याने तो मागे सरकतो आणि पाते खवल्यांवरून घसरते. त्याच्या दोन्ही कुशींवर जी बारीक रेघ दिसते, तिने त्याला पाण्यातली हालचाल कळते. आपला हात दिसायच्या आधीच त्याला जाणवलेला असतो. तेव्हा मोकळ्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या मागे सुरी घेऊन लागणे म्हणजे नुसती दमछाक. इंडोनेशियाकडचे बाजाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या श्वास रोखून मासेमारी करत आले आहेत. श्वास रोखताना कामी येणारी त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असल्याचे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवले. इतके कसलेले लोक, पण पोहत्या माशामागे तेही भालाच घेऊन जातात. आपल्या कोकणात खडकावरची कालवे लोखंडी हत्याराने सोडवतात; ते जमते, कारण कालव पळून जात नाही.

मग सुरीला मासा मिळतो कुठे? जो दगडाला, मुळांना किंवा तळाला टेकून बसतो, तिथे. आपल्या नद्यांत असा पहिला मासा मरळ. दुसरी वाम, कपारीत शेपटीकडून शिरून तोंड बाहेर ठेवणारी. मागूर आणि शिंगी गाळात, मुळ्यांच्या जाळीत असतात, पण शिंगीच्या वाटेला सुरीने किंवा हाताने जाऊ नये. कारण पुढे येईलच.

मरळ नीट समजून घ्यावी, कारण या सगळ्या खटाटोपातला खरा मासा तोच आहे. तिला कल्ल्यांवर भागत नाही. हवा घ्यायला तिला वर यावेच लागते. काठावर गुपचूप बसलात तर पाण्यावर एक जड ‘गुडुप’ ऐकू येतो, छोटी गिरकी उठते आणि मागे बुडबुडे राहतात. मासा खाली गेला की बहुधा आपल्या ठरल्या जागी परततो: बाभळीच्या पडलेल्या खोडाखाली, बंधाऱ्याच्या ढासळलेल्या दगडांत, बेशरमाच्या बुडख्याशी. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच कुठेतरी वर येतो. दोन-तीनदा पाहिले की त्याची जागा हेरता येते. हे काम अर्धा-पाऊण तास काठावर बसून करायचे असते. ज्याला तेवढे बसवत नाही त्याने सुरी घरीच ठेवलेली बरी. पाण्यात उतरल्यावर मरळ हुडकत फिरणाऱ्याला मरळ सापडत नाही. तिची जागा आधी माहीत असलेल्यालाच ती सापडते.

पावसाळ्यात मात्र तिच्या नादी लागू नये. त्या दिवसांत उथळ पाण्यात लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसतो आणि त्याच्या खाली नर किंवा मादी राखण करत असते. पिल्लांपायी ती जागा सोडत नाही, म्हणून मारायला सगळ्यांत सोपी असते. ती मेली की तो अख्खा पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. उन्हाळ्यात धार तुटली की नदी डोहांपुरती उरते. डोह म्हणजे नदीची बियाण्याची कोठी. त्यातले मोठे मासे एकामागून एक काढले तर पुढच्या पावसाला वीण कुणाची होणार? एका डोहातून एका मोसमात एक-दोन मासे, त्याहून जास्त नाही, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. एरवी सुरीने तेवढेही मिळत नाहीत, त्यामुळे नियम पाळणे अवघड जाऊ नये.

आता पाणी कुठले, ते पाहू. बोर धरणाच्या बाजूला जाण्याचा विचारच सोडा. बोर अभयारण्य २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि आत मासेमारी हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे. धामवरचे महाकाळीचे धरण, धनोडीजवळचा निम्न वर्धा प्रकल्प आणि गावोगावचे तलाव यांतले मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथले बीज त्या भोई-ढिवर सभासदांनी पैसे मोजून सोडलेले असते. त्यांना न विचारता एक मरळ काढली तरी ती चोरीच. विचारले तर मात्र बरेचदा नाही म्हणत नाहीत, उलट कुठल्या दगडाखाली हात घालू नको हे सांगतात, आणि ती माहिती कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. कुणाला विचारायचे तेच कळत नसेल तर वर्ध्यातल्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. पाण्यात विष टाकणे, स्फोट करणे हे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. करंट सोडून मासे मारणारे तर स्वतःच मरतात. अशी मंडळी ज्या डोहावर दिसतील तिथून उलट पावली परतावे. पवनारला विनोबांच्या आश्रमाखाली धामच्या पात्रात दगड आहेत, कपारी आहेत. पण तिथे सुरी घेऊन उतरू नये. हे कायद्याने नव्हे, माझ्या मताने सांगतो.

वर्धा नदी वरून जितकी शांत दिसते तितकी ती नाही. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी सोडले की आष्टी-आर्वीकडे पात्र भराभर चढते, आणि तेव्हा तुमच्याकडे आभाळ कोरडे असू शकते. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यातल्या झुंज इथे याच नदीत नाव उलटून अकरा जण गेले. पोहता येणे आणि वाहत्या पाण्यात तगून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा धोका रेतीघाटांचा. गुडघाभर पाण्यातून चालताना अचानक दोन पुरुष खोल खड्डा लागतो, कडा सरळ तुटलेली असते आणि ओली रेती पायाखालून सरकत जाते. जिथे रेतीउपसा झाला आहे ते पात्र बुडी मारायला कामाचे नाही. तिसरा धोका ओलिताच्या मोटारींचा. काठावर पंप चालू असेल, केबल पाण्यातून गेली असेल, तर तिथे उतरायचे नाही. जोड उघडा पडला की पाण्यात वीज उतरते. शिवाय सक्शनच्या तोंडाशी ओढ असते.

दिवस निवडायचे ते दिवाळीनंतरचे, गाळ बसून पाणी निवळल्यावर, होळीपर्यंतचे. पाणी गार असते, पण मासाही गारठून मंद झालेला असतो. उन्हाळ्यात डोह शेवाळाने हिरवे होतात आणि दिसणे संपते. पाणी चालेल की नाही याची परीक्षा सोपी आहे. चष्मा लावून तोंड पाण्यात घाला आणि हात समोर लांब करा. बोटांची नखे स्वच्छ दिसली नाहीत तर त्या दिवशी सुरी म्यानातच राहील.

चष्मा म्हणजे पोहण्याचा साधा गॉगल नव्हे. त्यात नाक बाहेर राहते, आणि दोन-तीन मीटर खाली गेले की पाण्याचा दाब गॉगल डोळ्यांत रुतवतो. त्यात हवा भरायला वाटच नसते. नाक आत घेणारा, कमी पोकळीचा मास्क घ्यावा, म्हणजे नाकातून थोडी हवा सोडून आतला दाब सारखा करता येतो. मास्क लावल्यावर पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा पाव हिश्श्याने जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. म्हणजे ८० सेंटिमीटरवरचा मासा तुम्हाला ६० सेंटिमीटरवर वाटेल. नवशिक्याचा वार आखूड पडतो तो यामुळे, आणि घरी येऊन तो जेवढा मासा सुटला म्हणून सांगतो तेवढा तो नसतो, तेही यामुळेच.

सुरी चार-पाच इंचांच्या पात्याची, टोकदार, एका बाजूने धारेची आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखे दाते असलेली हवी. मूठ ओल्या हातातून निसटणार नाही अशी खरबरीत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या भानगडीत पडू नये, शस्त्र कायद्याची कटकट तिथून सुरू होते. आणि पाण्यात तेवढे पाते उपयोगाचेही नाही. म्यान पोटरीच्या आतल्या बाजूला बांधावे, म्हणजे काही अडकत नाही आणि कुठल्याही हाताने सुरी निघते. सुरीची दोरी मनगटाला पक्की बांधू नका. सुरी दगडात फसली तर तुम्हीही फसाल.

दाते कशाला, असे कुणी विचारेल. आपल्या नद्यांत तुटून राहिलेली तंगूसची जाळी जागोजागी मुळांना गुंडाळलेली असतात. पाण्यात ती दिसत नाहीत. पायाला लागली की कळते. झटका दिला तर आणखी आवळतात. अशा वेळी थांबायचे, हात पोटरीकडे न्यायचा आणि कापायचे. माझ्या मते सुरी बाळगण्याचे पहिले कारण हे आहे, मासा दुसरे. म्हणून काठावर डोळे मिटून, दोन्ही हातांनी, म्यानातून सुरी काढून पुन्हा घालण्याचा सराव इतका करावा की विचार करावा लागू नये.

आता श्वास. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला आपला दम भरपूर आहे असे वाटते, आणि घात तिथेच होतो. बुडीच्या आधी भराभरा दहा-वीस श्वास घेतले की जास्त वेळ टिकता येते, हे गावात सर्रास सांगतात. टिकता येते, पण का, ते कुणी सांगत नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभरा श्वासोच्छ्वास केल्याने तोच बाहेर फेकला जातो. प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे तुम्ही पेट्रोल भरत नाही, काट्याची तार तोडता. मग कसलीही घुसमट न होता माणूस बेशुद्ध होतो. त्यात वर येताना दाब उतरतो, तसा फुप्फुसातल्या प्राणवायूचा जोरही उतरतो. म्हणून असे बेशुद्ध होणे बहुतेक वेळा तळाशी होत नाही. वर येता येता शेवटच्या दोन-तीन मीटरांत किंवा डोके बाहेर काढल्यावर काही क्षणांत होते. काठावरच्याला वाटते, आला वर. आणि तो वळून विडी पेटवतो.

रीत अशी. पाण्यावर पालथे पडून, तोंडात धरलेल्या श्वासाच्या नळीतून (स्नॉर्केल), दोन-तीन मिनिटे पोटाने सावकाश श्वास घ्यावा. सोडणे घेण्यापेक्षा लांब. शेवटी एक पूर्ण श्वास, आणि खाली. नळी तोंडातून काढून टाकायची. कमरेतून वाकून पाय सरळ वर उचलले की शरीराच्या वजनानेच माणूस खाली जातो, खळखळाट होत नाही. काठावरून सूर मारणे नदीत वर्ज्य. पाण्याखाली काय आहे ते मानेला कळू देऊ नये. कान दुखायच्या आधी नाक चिमटून हलका दाब द्यावा, दर मीटरला. पाण्यावर एक वातावरणाचा दाब, दहा मीटरवर दोन. पण वाढीचे प्रमाण सुरुवातीच्या मीटरांतच सगळ्यांत जास्त असते, म्हणून तीन मीटरांच्या डोहातही कानाचा पडदा फाटू शकतो. सर्दी असेल त्या दिवशी नदीवर जायचेच नाही. छातीत पहिली उचकी जाणवली की वर यायचे, मासा समोर असला तरी. नवशिक्याने एका बुडीला पाऊण मिनिटाची मर्यादा ठेवावी आणि बुडीच्या किमान दुप्पट वेळ वर विसावा घ्यावा. कमरेला वजन बांधू नये. गोड्या पाण्यात तसाही माणूस समुद्रापेक्षा कमी तरंगतो.

हा सराव आधी जलतरण तलावात करावा, तोही जोडीदार सोबत असतानाच. जोडीचा नियम एकच: एक खाली, तर एक वर, तोंड पाण्यात घालून बघत. दोघे एकदम खाली नाहीत. खालचा वर आल्यावर अर्धा मिनिट त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि त्याने ‘ठीक आहे’ म्हटल्यावरच आपण श्वास भरायला लागायचे. वर आलेल्याचे ओठ निळे पडले, मान डुलायला लागली, नजर हरवली, तर मागून धरून तोंड पाण्याबाहेर ठेवा, मास्क काढा, गालावर थापट्या मारत नावाने हाका मारा, चेहऱ्यावर फुंका. बहुतेकदा एवढ्याने श्वास परत येतो. नाही आला तर तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करा, काठावर घ्या, छातीवर दाबणे आणि श्वास देणे आळीपाळीने चालू ठेवा, आणि कुणालातरी १०८ ला फोन करायला लावा. पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, गरगर फिरवणे यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. शुद्धीवर आलेल्यालाही सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात दाखवावेच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

एवढे सगळे जमले की मग मासा. हेरलेल्या जागेच्या थोड्या अलीकडे, प्रवाह असेल तर खालच्या अंगाने उतरावे, म्हणजे उठलेला गाळ तुमच्या मागे जातो. तळाला हाताने टेका, पायांनी नाही. दगडाच्या कडेला डोळे सरावू द्या. कपारीत आधी दिसतो तो मासा नसतो, त्याचे कल्ले हलताना दिसतात, सावकाश उघडमीट. सुरीचा हात अंगालगत ठेवून दुसरा तळहात दगडावरून सरकवत कपारीच्या उघड्या बाजूला न्यावा; मासा तिकडूनच निसटणार. टोक डोक्यामागे, कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या अंगाला, वितीभर अंतरापर्यंत हळूच न्यायचे आणि मग मागे हात न खेचता पुढे रेटायचे, मासा दगडावर किंवा तळावर दाबला जाईल असे. रेटलेला हात तसाच धरून ठेवावा. पाते लगेच उपसले की मासा गेला, आणि जखमी होऊन गेलेला मासा कपारीत मरून सडतो. मोकळ्या हाताची दोन बोटे कल्ल्यात घालून मग वर या. तोंडात बोट घालू नका; मरळीचे दात पाहिलेला माणूस घालत नाही. वर आल्याबरोबर डोळ्यांच्या किंचित मागे टोक घालून त्याला संपवावे. तडफडत ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही, आणि मांसही बिघडते.

काय आहे ते दिसत नसेल तर बिळात सुरी खुपसू नये. तिथे कासव असू शकते, आणि आपल्या नद्यांतली मऊ पाठीची कासवे कायद्याने संरक्षित आहेत. धोंड्या साप असू शकतो. तो बिनविषारी, पण चावतो आणि त्या घाबरण्यातच तोंडात पाणी जाते. शिंगी असू शकते. तिच्या कल्ल्यांजवळच्या काट्यांत विष असते आणि दंशाची कळ खांद्यापर्यंत जाते. काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने ते विष निकामी होते. गरम पाण्याचा थर्मास सोबत न्यायला काही जड नाही. सूज चढली, चक्कर आली तर डॉक्टर.

रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस जास्त असतील. त्या दिवशी घरच्यांना मासा हवाच असेल तर वाटेत भोयांकडून विकत घ्यावा. मरळ मिळालीच तर गाळाचा वास जायला हळद-मीठ चोळून थोडा वेळ ठेवावी, कातडी राखेने किंवा जाड्या मिठाने घासून चिकटा काढावा. नदीचा मासा नीट शिजवूनच खावा. वरून तांबूस, आतून कच्चा असा तळलेला नको. सुरी गोड्या पाण्यातून आली तरी गंजते. पुसून, मुठीच्या सांध्यातला गाळ काडीने काढून, खोबरेल तेलाचे बोट फिरवून म्यानाबाहेर वाळू द्यावी.